वाळवणाची भिंत: विक्रोळीच्या म्हाडा वसाहतीतल्या भित्तिचित्राच्या कामाच्या नोंदी

ठिकाण: विक्रोळी (पूर्व), म्हाडा वसाहत, तळमजला अधिक तीन मजल्यांची इमारत.
भिंत क्र. १: पूर्वेची बिनखिडकीची बाजू. रुंदी ८.४ मीटर, कठड्यासकट उंची ११.४ मीटर, म्हणजे साधारण १,०३० चौरस फूट.
भिंत क्र. २: रस्त्याकडचं कुंपण. लांबी ३२ मीटर, उंची १.८ मीटर.
नोंदी सोसायटीच्या फायलीसाठी आहेत. शेजारच्या इमारतींनी असं काम काढलं तर त्यांनाही उपयोगी पडतील.

२० ऑक्टोबर २०२४

भिंतींची पाहणी. पाऊस नुकताच गेलाय, भिंत बघायला हेच दिवस बरे. मार्चमध्ये मुंबईतली कुठलीही भिंत कोरडी ठणठणीत दिसते आणि मग जूनमध्ये पोपडे सुटले की दोष रंगाच्या कंपनीला जातो.

चित्रासाठी बहुतेक सभासदांच्या मनात पश्चिमेची भिंत होती, कारण ती मुख्य रस्त्यावरून दिसते. ती घेतलेली नाही. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस तिच्यावर तिरका झोडपतो आणि दुपारचं ऊनही तिच्यावरच. भिजणं आणि तापणं एकाच भिंतीच्या वाट्याला आलं की रंगाचं आयुष्य निम्म्यावर येतं. पूर्वेची भिंत आडोशाला आहे. समोर पार्किंगची फक्त ९ मीटरची पट्टी असल्यामुळे चित्र जवळून आणि मान वर करून बघावं लागणार, एवढीच अडचण.

हातोडीच्या लाकडी दांड्याने ठोकून गिलाव्याचा आवाज ऐकला. शिडी पोचते तिथवर शिडीवरून, वर गच्चीतून दोराच्या झुल्यावरून. पोकळ आवाज आला तिथे खडूने घेरा मारला. अशी जागा सगळी मिळून साधारण १२ चौरस मीटर. तीन ठिकाणी जास्त: कठड्याखाली, जिथे गच्चीचं पाणी बाहेर पडतं, आरसीसी खांब आणि विटांची भिंत मिळते त्या उभ्या रेषेत, आणि जमिनीपासून ७० सेंटिमीटरपर्यंत.

पाण्याच्या तोंडाशी पिंपळ उगवलाय, खोड अंगठ्याएवढं.

ओल तपासायला ४५ सेंटिमीटरचे प्लास्टिकचे चौकोन चारी कडांनी टेप लावून भिंतीला चिकटवले, रात्रभर ठेवले. सकाळी खालच्या दोन्ही तुकड्यांच्या आतून थेंब जमले होते, म्हणजे पाणी भिंतीतून येतंय. वरचे कोरडे. ओलीचं मीटर दोन जागांची तुलना करायला ठीक आहे. लोणा लागलेल्या भिंतीवर ते क्षारांमुळेच मोठा आकडा दाखवतं, म्हणून निर्णय प्लास्टिकवरून घ्यावा.

२७ ऑक्टोबर

कागदपत्रं. महाराष्ट्र मालमत्ता विरूपण प्रतिबंध अधिनियम, १९९५ प्रमाणे परवानगीशिवाय भिंत विद्रूप करणं हा गुन्हा आहे. सोसायटीची भिंत सोसायटीची असली तरी सेक्रेटरींचं तोंडी "करा हो" पुरत नाही. सर्वसाधारण सभेचा ठराव हवा आणि इतिवृत्तात सूचक-अनुमोदकांची नावं हवीत. दिल्लीतली लोधी कॉलनी किंवा चेन्नईतलं कण्णगी नगर इथल्या चित्रांचे दाखले लोक देतात. तिथल्या भिंती सरकारी वसाहतींच्या, त्यामुळे परवानगीची वाट वेगळी. इथे एका भिंतीला चोवीस मालक आहेत.

संरचनात्मक परीक्षणाचा अहवाल मागितला. आदर्श उपविधींप्रमाणे ३० वर्षांवरच्या इमारतीचं परीक्षण दर ३ वर्षांनी व्हायला हवं. अहवालात पूर्वेच्या खांबाची दुरुस्ती सुचवलेली असेल, तर त्यावर चित्र काढून ती झाकणं सरळसरळ धोक्याचं. अहवालात 'किरकोळ' असा शेरा आहे. तरी उघडी सळई दिसली की थांबायचं, हे गवंड्याला आधीच सांगितलंय.

१५ तारखेपासून विधानसभेची आचारसंहिता आहे, मतदान २० नोव्हेंबरला. भिंतीवर ब्रश फिरताना दिसला की कुठल्या पक्षाचं, ही विचारणा होणारच. सभा निकालानंतर.

२४ नोव्हेंबर

सभा झाली. ठराव मंजूर, या अटींवर:

कुणाही नेत्याचा चेहरा, देवाचं चित्र, पक्षाची खूण नाही. पैसे किंवा रंग देणाऱ्याचं चिन्ह नाही, कारण चिन्ह आलं की चित्राची जाहिरात होते आणि पालिकेच्या परवाना खात्याचा प्रश्न उभा राहतो. देणगीदारांची नावं जिन्याखालच्या फलकावर. पाइप किंवा केबलच्या दुरुस्तीसाठी चित्राचा भाग फोडावा लागला तर सोसायटी चित्रासाठी थांबणार नाही. तेवढा भाग पुन्हा रंगवण्याचा खर्च मात्र दुरुस्तीच्या खर्चातच धरायचा. ही शेवटची अट सगळ्यात कामाची. ती नसली की तिसऱ्या वर्षी चित्रातून पांढरा पाइप आरपार जातो आणि कुणाचंच काही चुकलेलं नसतं.

पुनर्विकासाचा मुद्दा निघालाच. प्रस्ताव आहे, तारीख नाही. मग एवढा खर्च भिंतीवर कशाला? मधला मार्ग असा: भिंतीवर गिलाव्याची गरजेपुरती दुरुस्ती आणि साधा बाहेरचा अॅक्रिलिक इमल्शन, महागडे जलरोधक थर नाहीत. कुंपणावरचे चार मोझॅक तक्ते सिमेंट बोर्डावर वेगळे करून स्क्रूने बसवायचे, इमारत पडली तरी ते काढून नेता येतील.

१ डिसेंबर

विषय गोळा करणं. 'तुम्हाला भिंतीवर काय हवं?' असं विचारलं की उत्तरं ठरलेली येतात: झाडं लावा झाडं जगवा, स्वच्छता, वारली. वारली चित्रं डहाणू-तलासरीकडच्या लोकांची आहेत, २०१४ पासून त्यांना भौगोलिक मानांकन आहे. विक्रोळीच्या भिंतीवर ती नक्षी म्हणून उतरवायला त्या लोकांपैकी कुणी इथे नाही. रोहित पक्ष्यांचीही मागणी आली. ठाणे खाडी इथून जवळ आहे, २०१५ पासून तिथे रोहित पक्ष्यांचं अभयारण्य आहे, संबंध खरा. पण आता ते गुलाबी पक्षी उड्डाणपुलांच्या खांबाखांबांवर उभे आहेत.

म्हणून प्रश्न बदलला: 'या इमारतीत पूर्वी काय चालायचं, जे आता दिसत नाही?' उत्तरं कागदाच्या चिठ्ठ्यांवर, एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. पहाटेचं पाणी भरणं, गच्चीवर झोपणं, लेझीम, पावसात फुटबॉल, टीव्ही असलेलं एकच घर. सगळ्यात जास्त चिठ्ठ्या गच्चीवरच्या वाळवणाच्या.

८ डिसेंबर

परांची उभी राहिली. बांबू आणि काथ्या. भिंतीपासून आतल्या बांबूचं अंतर ४० सेंटिमीटर. याहून कमी असलं की ब्रश धरलेला हात अडकतो, जास्त असलं की माणूस वाकून काम करतो. दर २ मीटरला फळ्या, दोन्ही टोकांना बांधलेल्या. परांचीचा आधार खिडकीच्या ग्रिलला किंवा पावसाळी पाइपला बांधू दिला नाही. बिडाचा जुना पाइप सांध्यातून हलला तर गळती वर्षभर पुरते. सुरक्षापट्ट्याचे दोर परांचीला न बांधता गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीच्या खांबाला बांधलेत. कठडा विटांचा आहे, तो दोर धरायला कामाचा नाही.

कोपऱ्यालगतच्या तळमजल्याच्या दोन घरांचा उजेड परांचीच्या जाळीमुळे गेला. त्यांच्या खिडक्यांपुढची हिरवी जाळी कापून वर फळीचं छप्पर दिलं. ही तक्रार येण्याआधी मिटवायची असते. त्याच घरांतून पाण्याचा नळ आणि मिक्सरसाठी वीज घ्यायचीय.

१० ते १४ डिसेंबर

पोकळ गिलावा फोडला. घेऱ्यापेक्षा चार बोटं पुढपर्यंत, कडा काटकोनात. तिरपी कड ठेवली की नवा गिलावा तिथे पापुद्र्यासारखा पातळ होतो आणि पहिला तोच सुटतो.

खांब-विटांच्या सांध्यात उभी भेग. दोन्हींचं ऊन्हाने फुगणं-आकसणं वेगळं, म्हणून नुसती भरून ती परत येते. भेगेच्या दोन्ही बाजूंना १५ सेंटिमीटर गिलावा काढला, भेग इंग्रजी व्हीसारखी उघडून पॉलिमर मॉर्टरने भरली, वर कोंबडीजाळी खिळ्यांनी ताणून बसवली. जाळी भिंतीला चिकटून असून उपयोग नाही, गिलाव्याच्या मध्यावर यायला हवी. म्हणून खिळ्याखाली खडीचा बारीक तुकडा.

एका जागी सळई उघडी पडली, हातभर लांब. गंज तारेच्या ब्रशने काढून गंजरोधक लावलं, मागून बोट जाईल एवढं काँक्रीट मोकळं केलं, मग पॉलिमर मॉर्टर. परीक्षण करणाऱ्या अभियंत्यांना फोटो पाठवून होकार घेतला, तोवर तिथलं काम बंद.

पिंपळ ओढून काढायचा नाही. वरचं खोड येतं आणि मुळं आत राहतात. आजूबाजूचा गिलावा काढून मुळं दिसतील तिथवर कापली, खोडाला भोकं पाडून मोरचूद भरला, तोंड मॉर्टरने बंद. अॅसिड ओतायची पद्धत सर्रास आहे, पण ते पिंपळाआधी सिमेंट आणि सळई खातं. आणि पाण्याचं तोंड भिंतीला लागूनच होतं म्हणून तर पिंपळ आला. तिथे पाइपचा तुकडा घालून पाणी भिंतीपासून १५ सेंटिमीटर दूर पडेल असं केलं. या तुकड्याला लागलेला वेळ तासाभराचा, पण चित्राचं सगळ्यात मोठं संरक्षण तेच.

नवा गिलावा सिमेंट-वाळू एकास चार, दोन थरांत: १२ आणि ८ मिलिमीटर. जुन्या पृष्ठभागाला लेटेक्स मिसळलेली सिमेंटची रबडी लावून, ती ओली असतानाच. वरचा थर स्पंजने जुन्या सँडफेसशी, म्हणजे वाळूच्या खरबरीत गिलाव्याशी, जुळवला. गुळगुळीत ठेवला असता तर रंगाखालून ठिगळं दिसली असती. सात दिवस पाणी मारायचं, त्यानंतर कुणीही हात लावायचा नाही.

२२ डिसेंबर

पहिली रेखाटनं. कल्पना: गच्ची वरून बघितल्यासारखी भिंतीवर उभी करायची. कठड्यापासून खाली पाच जुनी सुती लुगडी पसरलेली, त्यांवर पापड, कुरडया, सांडगे, पळीपापड्या, चिकवड्या. कावळ्यांसाठी काळी छत्री. कोपऱ्यात राखणीला बसलेलं पोर, हातात काठी.

बोंबलावरून वाद. कोळी आणि मालवणी घरांचं म्हणणं, वाळवण म्हणजे फक्त पापड कसे? सुके बोंबील, बांगडे, सुकट हेही वाळवणच. दोन शाकाहारी घरांचा विरोध. तोडगा असा निघाला: उजव्या खालच्या कोपऱ्यात दोरीवर टांगलेले बोंबील, खाडीच्या बाजूला, आणि त्याच चौकटीत आमसुलं. विरोध करणाऱ्यांनी अट घातली की पापड आणि बोंबील एकाच लुगड्यावर नकोत. मान्य. खऱ्या गच्चीवरही तसंच असायचं.

दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी कुरडईचं रेखाटन नापास केलं. आम्ही जिलेबीसारखा नीट गोल फिरणारा पीळ काढला होता. त्यांनी सोऱ्या काढून ताटात पिठाची कुरडई घालून दाखवली: शेव मधून सुरू होत नाही, हात कडेने फिरतो, वेढे एकमेकांवर पडतात, शेवटी तुटलेलं टोक बाहेर राहतं. ते टोक प्रत्येक कुरडईला पाहिजे. ताटाचा फोटो घेऊन त्यावरूनच साचा केला.

रंगांचा निर्णय विषयानेच सोपा केला. पिवळी माती, गेरू, तपकिरी, काळा ही लोह-ऑक्साइड आणि कार्बनची रंगद्रव्यं. उन्हात वर्षानुवर्षं टिकतात. थॅलो निळा आणि हिरवाही भरवशाचा. झगमगीत गुलाबी, केशरी, लिंबू पिवळा या छटांमधली बरीच सेंद्रिय रंगद्रव्यं दोन-तीन उन्हाळ्यांत विटतात. लुगड्यांच्या काठांना राणी रंग हवा अशी मागणी होती, त्याऐवजी गेरूत थोडा निळा घालून वांगी रंग.

१२ जानेवारी २०२५

नव्या गिलाव्याला २८ दिवस झाले. ओल्या फडक्याने भिजवून पीएच पट्टी लावली: बहुतेक ठिकाणी ९, कठड्याखाली अजून ११. सिमेंट ताजं असताना भिंत अल्कली असते आणि त्यावर रंग लावला की छटा डागाळते, रंग धरून ठेवणारा बाइंडर मऊ पडतो. कठड्याखालच्या पट्टीला अल्कलीरोधक प्रायमर, बाकीला नेहमीचा बाहेरचा प्रायमर.

त्याआधी भिंत धुणं. शेवाळ असलेल्या जागी ब्लीचिंगचं पाणी, वीस मिनिटांनी ब्रश, मग भरपूर साधं पाणी. लोणा लागून आलेली क्षारांची पांढरी पूड मात्र पाण्याने धुवायची नाही, ती विरघळून परत आत जाते. कोरड्या ब्रशने झाडून घमेल्यात गोळा करून टाकायची. धुतल्यावर तीन दिवस उन्हात.

प्रायमर हिशोबाने १० लिटर लागायला हवा होता (१ लिटरला १०० चौरस फूट), लागला १४. जुना सँडफेस रंग पितो. अंदाज करताना खरबरीत भिंतीला तिसरा हिस्सा जास्त धरावा.

पुट्टी लावलेली नाही. ठेकेदार गुळगुळीत करून देतो म्हणत होता. बाहेरच्या जुन्या भिंतीवर पुट्टी हा आणखी एक थर, आणि सुटते तेव्हा चित्रासकट सुटते.

१९ जानेवारी

हळदीकुंकवाला आठ रंगीत नमुने मोठ्या पुठ्ठ्यांवर लावून ठेवले. मत टिकलीने: वाणासोबत प्रत्येकीला तीन टिकल्या, हव्या त्या नमुन्यावर लावायच्या. हात वर करून मत मागितलं की सगळे सेक्रेटरींच्या हाताकडे बघतात; टिकल्यांनी ते टळतं. पुरुष आणि मुलांसाठी तेच पुठ्ठे संध्याकाळी जिन्यात. लुगड्यांचे काठ आणि मधली निळी पट्टी यातून ठरली. छत्री सगळ्यांना हवी, राखणीचं पोर मुलगी असावी असंही बहुमत.

२३ जानेवारी

रंग आणले. सायीच्या रंगाचा तळ २४ लिटर (दोन हात, १ लिटरला ५० चौरस फूट धरून, वर खरबरीतपणाचे ४ लिटर), पिवळी माती १०, पांढरा १०, करडा-हिरवा १०, गेरू ४, तपकिरी ४, निळा ४, वांगी २, काळा १. टिंटिंग मशीनवर एकाच छटेचे दोन डबे वेगवेगळ्या वेळी केले तरी किंचित फरक पडतो, तो मोठ्या सपाट भागात ठसठशीत दिसतो. म्हणून एका छटेचे सगळे डबे पिंपात एकत्र ढवळून परत भरले. प्रत्येक झाकणावर त्याच रंगाचं बोट, छटेचा क्रमांक, तारीख.

२५ आणि २६ जानेवारी

आखणी. चित्र ए-टू कागदावर, एकास वीस. भिंतीवर ६० सेंटिमीटरचा चौकोन म्हणजे कागदावर ३; आडवे १४, उभे १९. पापडाचा व्यासही ६० धरला, म्हणजे एका घरात एक पापड.

भिंतीवर यदृच्छ खुणा करून फोटोवर चित्र चढवण्याची फोनवरची पद्धत सोयीची आहे, पण समोरून सरळ फोटो हवा. इथे ९ मीटरच्या पट्टीतून आणि बांबूंमधून तो मिळत नाही. रात्री प्रोजेक्टर लावला असता तर बांबूंच्या सावल्या. शेवटी जुनीच पद्धत: ओळंबा, पाण्याची नळी आणि गेरूत बुडवलेलं सूत. पहिली आडवी रेघ जमिनीवरून मोजायची नाही. पार्किंगची जमीन एका टोकाला ११ सेंटिमीटर खाली आहे. पाण्याच्या नळीने पातळी घेतली, उभ्या रेघा ओळंब्यावर. सूत दोघांनी ताणून तिसऱ्याने फटका मारायचा. वारा असेल तर लांब सूत मधोमध दाबून दोन भागांत.

गोल काढायला भिंतीत खिळा ठोकायचा नाही, प्रत्येक खिळा म्हणजे पावसाला एक दार. हार्डबोर्डचे गोल साचे कापले, तेही अर्धे-अर्धे, कारण अख्खा साचा बांबूंमध्ये फिरत नाही. कुरडयांसाठी खाका: कागदावर रेघ, रेघेवर टाचणीने भोकं, भिंतीला धरून कोळशाच्या पुडीच्या पुरचुंडीने थोपटायचं. सँडफेसवर भोकं नेहमीपेक्षा मोठी लागतात.

खालून बघताना वरचे गोल चपटे दिसतात. ९ मीटरवरून वरच्या ओळीचा पापड साधारण दोन-तृतीयांश उंचीचा दिसेल. पूर्ण भरपाई केली तर लांबून, दुसऱ्या इमारतीच्या गॅलरीतून तो अंड्यासारखा दिसेल. वरच्या सहा ओळींत उंची १० टक्के वाढवून मधला मार्ग.

१ ते ८ फेब्रुवारी

तळाचे दोन हात, मग मोठे सपाट भाग, वरून खाली. पूर्वेच्या भिंतीवर सकाळी काम करायचं नाही. ऊन तिच्यावर असतं, रंग ब्रशवरच वाळतो, जोडाच्या रेघा राहतात. साडेबारानंतर सावली येते, ती साडेपाचपर्यंतच वापरायची. त्यानंतरच्या दमट हवेत रंग नीट धरत नाही आणि पहाटे दव पडलं की ओघळ दिसतात.

आसपास दोन पुनर्विकासाची कामं चालू आहेत, धूळ सतत. रोज काम सुरू करण्याआधी कालचा भाग कोरड्या मऊ झाडूने झाडायचा. धुळीवर लावलेला हात बोटाने सोलता येतो.

परांचीवरून चित्र दिसत नाही, फक्त समोरचे दोन चौकोन दिसतात. म्हणून खाली एक माणूस कागद घेऊन कायम. वरच्याने चौकोनाचा क्रमांक ओरडून सांगायचा, खालच्याने टिक करायची. कुरडईची रेघ कागदावर सुरेख वाटली तरी २ सेंटिमीटरहून बारीक असली की खालून दिसत नाही, २.५ ठेवली. छायेसाठी मिसळत बसायचं नाही, तीन सपाट छटा पुरतात. दुरुस्ती करणाऱ्याला त्याच तीन डब्यांतून काम करता आलं पाहिजे.

बांबू भिंतीला टेकतात त्या जागा कोऱ्या राहतात. त्यांना चौकोनांचे क्रमांक देऊन यादी केली.

९ फेब्रुवारी

रहिवाशांनी रंगवण्याचा दिवस. मंगळवारपासून बारावीची परीक्षा, म्हणून हाच रविवार. फक्त जमिनीवरून हात पोचतो तो भाग, परांचीवर कुणीही नाही. मुलांसाठी पापडांचे गोल आधीच आखून, तळ लावून तयार. त्यांवर ठिपके आणि कडा. ब्रश एक इंची, डब्यात तीन बोटं रंग, याहून जास्त नाही. एका गोलाला दोनच मुलं.

फिलाडेल्फियात शाळांमधून मुलं पातळ कापडावर रंगवतात आणि ते कापड नंतर भिंतीला डकवतात. मुलं सुरक्षित राहतात आणि सावकाश काम होतं. इथे ते टाळलं, कारण खरबरीत भिंतीवर कापडाच्या कडा पूर्ण बसत नाहीत आणि मुंबईचा पाऊस कडेतूनच आत शिरतो.

१६ फेब्रुवारी

परांची वरून खाली सोडवली, प्रत्येक टप्प्याला यादीतल्या कोऱ्या जागा भरत. एकदम उतरवली असती तर त्या कायमच्या राहिल्या असत्या. छत्रीची काळी कड एका बाजूला जाड वाटते. आता वर पोचता येत नाही, तशीच राहील.

वरून पारदर्शक लेप दिलेला नाही. जुन्या भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट हवी. लेपाखाली ती अडकून पांढुरके ढग येतात. फक्त खालच्या १.८ मीटरला मॅट अॅक्रिलिक लेप, हात-सायकली लागतात म्हणून. जमिनीजवळची ७० सेंटिमीटरची ओली पट्टी मुळात चित्रात घेतलीच नाही. तिथे चुना आणि राखाडी रंगद्रव्य, दर वर्षी पुन्हा मारायचं.

२२ फेब्रुवारी ते ९ मार्च

कुंपण. खालच्या ६० सेंटिमीटरवर पिचकाऱ्या आणि बाकीचं सगळं. रंग इथे हरतो, म्हणून गच्चीवर असतं तसं चायना मोझॅक: ३२ गुणिले ०.६, साधारण २०७ चौरस फूट. आधी असलेल्या देवांच्या टाइल्स रहिवाशांनी स्वतः काढून नेल्या. हे काम बाहेरच्या माणसाने करू नये.

तुकडे घरोघरच्या उरलेल्या टाइल्सचे आणि दुरुस्तीच्या राडारोड्यातले. आधी वर्गवारी: तुकड्याच्या पाठीवर पाण्याचा थेंब टाकायचा. शोषला तर सिरॅमिक, तसाच राहिला तर व्हिट्रिफाइड. व्हिट्रिफाइड तुकडा साध्या सिमेंटच्या रबडीवर धरत नाही, काही महिन्यांत हाताने निघतो. सगळ्यालाच पॉलिमरचा टाइल अॅडहेसिव्ह वापरला, २० किलोच्या ६ गोण्या. टाइल गोणपाटाखाली ठेवूनच फोडायची, डोळ्यांवर चष्मा, मुलं लांब. तुकडे ५ ते ८ सेंटिमीटर, कडा कुरुंदाच्या दगडावर घासून, फटी ३ ते ५ मिलिमीटर. दहावीचे पेपर सुरू असल्यामुळे फोडाफोड दुपारी चारनंतर.

एका वेळी अर्धा चौरस मीटरच अॅडहेसिव्ह पसरायचा. उन्हात वीसेक मिनिटांत साय धरते, आणि सायीवर बसवलेला तुकडा फक्त दिसायला बसतो.

सुटे तक्ते: ८ मिलिमीटरचा सिमेंट बोर्ड, ६० बाय १२०, प्रत्येकी सहा स्टेनलेस स्क्रू. मोझॅकसकट वजन वीस-पंचवीस किलो, बसवायला दोन माणसं. स्क्रूंच्या जागा बोर्ड कोरा असतानाच भोकं पाडून, त्यांवर तुकडे न लावता मोकळ्या ठेवल्या.

३१ मे

पाऊस २६ मेलाच मुंबईत दाखल झाला, इतक्या लवकर नोंदीत कधी आला नव्हता. पहिल्या जोरदार सरींनंतरची पाहणी: कठड्याखालचा पाइपचा तुकडा काम करतोय, पाणी भिंतीला न लागता पडतंय. मात्र त्याच पाण्याचे शिंतोडे पार्किंगच्या फरशीवरून उडून चुन्याच्या पट्टीवर चिखलाची नक्षी काढतायत. पाणी पडतं तिथे खडीचा ढीग टाकला.

१९ ऑक्टोबर

पावसाळ्यानंतरची तपासणी, गेल्या वर्षीसारखीच दांड्याने ठोकून. नवा गिलावा सगळा भरीव. खांबाच्या सांध्यात भेग परत आलेली नाही. जुन्या गिलाव्यात, ११ व्या ओळीत, नवा पोकळ आवाज, साधारण हातरुमालाएवढा. तिथे दोन सांडगे आहेत. दिवाळीनंतर फोडून भरायचं, २८ दिवस थांबून रंगवायचं.

गेरू आणि पिवळ्या मातीत फरक नाही. वांगी काठ किंचित फिका. तिसऱ्या मजल्यावर नव्याने बसलेल्या एसीचं पाणी एका लुगड्यावरून ओघळतंय, तिथे शेवाळाची हिरवी रेघ. नळी पावसाळी पाइपात सोडायला संबंधित घराला सांगितलंय. रेघ नळी हलल्यावरच धुवायची, आधी धुऊन काही होणार नाही.

मोझॅकचे सात तुकडे निघाले, सगळे फाटकाजवळ, गाडीचा बंपर लागतो तिथे. तिथे खालच्या ओळीपुढे दगडी कड बसवावी.

दुरुस्तीचे रंग मीटरच्या खोलीत वरच्या फळीवर, प्रत्येक छटेचा एक डबा, तोंडावर प्लास्टिक बांधून. पिवळ्या मातीचा डबा निम्मा उरलाय. तो संपण्याआधी छटेच्या क्रमांकावर विसंबून न राहता डबाच दुकानात नेऊन नवा जुळवून आणायचा, कारण आता भिंतीवरची छटा वर्षभर ऊन खाल्लेली आहे.